मुठीचा शंभरावा भाग

ड्रॉइंगमधले टॉलरन्स बदलायला लोक अर्धा दिवस घालवतात, मला चाळीस सेकंद लागतात. हे वाक्य मी नोकरीच्या बाराव्या आठवड्यात, डबा खाताना, चारचौघांत म्हटलं. सगळ्यांनी डब्यात माना घातल्या. मला वाटलं, भारावले.

टॉलरन्स म्हणजे काय ते आधी सांगते. जगातली कुठलीच वस्तू अगदी हुबेहूब मापाची होत नाही. म्हणून ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी लिहायचं, की एवढं कमी-जास्त झालं तरी चालेल. पँटची कंबर अर्धा इंच सैल चालते, बेअरिंगचं भोक केसभरही चालत नाही. मी पदार्थविज्ञान शिकलेली, तेव्हा अचूकपणावर माझा भारी जीव.

आमचा कारखाना छोटा. तीन महिने बघायचं आणि मग साहेबांनी ठरवायचं, कायम करायचं की नारळ द्यायचा. माझा निकाल पुढच्या शुक्रवारी होता. आईने मात्र तो मागच्याच महिन्यात लावून सगळ्या बिल्डिंगला कळवला होता.

त्या आठवड्यात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं, पंपाचं झाकण. मधे बेअरिंगचं भोक, कडेने सहा बोल्टची भोकं आणि उचलायला एक मूठ. एकूण तेवीस मापं. त्यातलं एकच, बेअरिंगचं, नाजूक. त्याला अधिक-उणे मिलिमीटरचा शंभरावा भाग. बाकीच्यांना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कुणाचं काही जात नाही.

आता असं बघा, कॉम्प्युटरवर एका मापाचा टॉलरन्स बदलायचा तर ते माप निवडायचं आणि तेवढ्यापुरता बदलायचा. मी घाईत मापांच्या स्टाइलमध्येच शिरले आणि तिथे बदलला. स्टाइल म्हणजे सगळ्या मापांचा साचा. चाळीस सेकंदांत तेवीसच्या तेवीस मापं नाजूक झाली. मी प्रिंट काढली, सही ठोकली आणि सोमवारी सकाळी मास्तरांच्या हातात दिली.

मास्तर म्हणजे चौतीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस. मला ते शास्त्रज्ञ म्हणतात. कौतुकाने म्हणत असावेत, अशी माझी समजूत होती.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. "शास्त्रज्ञ, मूठ पण?"

मला वाटलं, मूठही आपणच करायची का, असं विचारताहेत. "हो मास्तर, मूठ पण. ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करा."

"एकदा बघून घेतेस का?"

"मी बघूनच सही करते."

"बरं," ते म्हणाले.

मंगळवारी ऑफिसातून खाली मशीनांकडे गेले तर पंखे बंद. मोजमाप तपासणाऱ्या मावशी कपाळ पुसत बसल्या होत्या.

"पंखे का बंद?"

"वाऱ्याने लोखंड गार होतं म्हणे, माप हलतं," मावशी म्हणाल्या. "तूच सांगत होतीस ना, गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं?"

मी खूश झाले. चला, कारखान्यात विज्ञान रुजतंय. जाताना दोन वाक्यं प्रसरणावरही बोलून घेतली.

बुधवारी मशीनच्या आसपास चहा बंद झाला, वाफ नको म्हणून. मास्तर मूठ मोजत होते. मोजायचे, मान हलवायचे, पुन्हा मोजायचे. मी चवड्यांवर चालत परत आले.

गुरुवारी सकाळी मावशींनी मला जिन्यातच गाठलं. "एक विचारू का गं? ही मूठ हातानेच धरायची ना?"

"हो."

"मग माणसाचा हात शंभराव्या भागात मोजून आणायचा का?"

मी वर धावले. ड्रॉइंग उघडलं. तेवीस मापं एका रांगेत, सगळी अधिक-उणे शंभरावा भाग. मूठ, बोल्टची भोकं, एवढंच काय, पंपाचा नंबर चिकटवायची जागासुद्धा. तीन दिवस एका म्हाताऱ्या माणसाला मी घाम काढायला लावला होता, बिनपंख्याचा, बिनचहाचा. फाइल गुपचूप सुधारावी आणि कानावर हात ठेवावेत, असं मनात आलं नाही असं नाही. पण कागदावर सही माझी होती, तीही वळणदार.

मी खाली गेले. "मास्तर, चूक झाली. बेअरिंगचं सोडून बाकी सगळं साधंच हवं होतं. तुमचे तीन दिवस फुकट गेले. साहेबांना मी स्वतः सांगते."

मास्तरांनी मायक्रोमीटर पेटीत ठेवला. "झाकण सोमवारीच गेलं गिऱ्हाइकाकडे. बेअरिंग नाजूक, बाकी साधं. छान बसलं, असा फोनही आला."

"मग हे मशीनवर काय आहे?"

"भंगारातला तुकडा. तुझी पावलं जिन्यात वाजली की लावतो." त्यांनी मावशींकडे बघितलं. "लावा आता पंखे. उकडून मेलो."

मावशींनी पंखे लावले आणि कपाटामागून गरम चहाची किटली काढली.

"पण मला सांगितलं का नाहीत?"

"सोमवारी विचारलं की दोनदा. आपलं ड्रॉइंग आपणहून परत बघायला माणसाला किती दिवस लागतात, ते मला साहेबांना सांगावं लागतं. त्यावरच ठरतं." त्यांनी बोटं मोजली. "तुला तीन. तेही मावशींनी डिवचल्यावर. ह्याआधी एकाला पाच लागले होते."

पाचापेक्षा तीन बरे, एवढा तरी आधार वाटला. "त्याला मग नारळ दिला का?"

मास्तरांनी नुसती मान वळवली. काचेच्या केबिनचं दार उघडं होतं आणि आत साहेब खाली मान घालून कागद चाळत होते.

"तुझं कायम केल्याचं पत्र टाइप करायला दिलंय, उद्या घेऊन जा," साहेब मान वर न करता म्हणाले. "आणि त्यांचं सगळंच खरं धरू नकोस. चारच लागले होते."