पगडीतला मोबाईल आणि लग्नाचा हत्ती

श्री. वाट दाखविणाऱ्या देवास आणि वाट पाहणाऱ्या घरास वंदन करोन लिहिले ऐसे जे, शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. बाळांनो, क्षणभर डोळे मिटोन मनी आणावे एक राज्य. नाव पुसू नये. तेथे रथ जाऊन मोटारी आल्या, परंतु पगड्या राहिल्या. त्या राज्यी हुजुरांनी हुकूम फर्माविला की, मोटार हाकिता मोबाईल हाती धरू नये. जो धरील तो चाकरीतून दूर होईल. आणि हुजूरच आपले सारथी विसाजी निकम यांस घडोघडी मोबाईल करोन पुसत, "कोठवर आलात?" न उचलावा तर मर्जी जाते, उचलावा तर चाकरी जाते. मग विसाजींनी मोबाईल पगडीच्या पेचात कानाशी खोविला, आणि हात मोकळे जाहले, आणि ते पाहोन अवघे सारथी तैसेच करू लागले.

विसाजींची कन्या सगुणा, वय वर्षे नऊ, पुसण्याची भारी हौस. एके दिवशी बाबांसंगे मोटारीत मागे बसली होती. वाटेत पगडी वाजली आणि विसाजी बोलो लागले, "जी हुजूर, तळ्यापाशी आलो." इतक्यात लग्नाचा हत्ती ताशांसह शेजारून गेला. सगुणेने पुसले, "बाबा, झूल किती छान! कोणता रंग तो?"

"कसली झूल? गप बस गं!"

सगुणेस नवल वाटले. डोळे उघडे, आणि हत्ती दिसत नाही? मग तळ्याच्या वळणी गंगू कुंभारीण मडक्यांची पाटी घेऊन रस्ता ओलांडो लागली. सगुणा किंचाळली, "बाबा, माणूस!" मोटार वीतभरावर थांबली, मडकी फुटली, गंगू वाचली आणि गरजली, "मेल्या, डोळे काय घरी खुंटीला टांगून आलास?"

दरबारी चौकशी जाहली. विसाजी म्हणाले, "महाराज, हुकूम मोडिला नाही. दोन्ही हात चाकावर होते." कारभारीही म्हणाले, "खरेच, हुकुमात पगडी नाही." मग सगुणा पुढे होऊन म्हणाली, "महाराज, बाबांना हत्तीचं विचारा ना."

हुजुरांनी पुसले. विसाजी गोंधळोन म्हणाले, "हत्ती होता?"

सभा खदखदा हसली, हुजूर हसले नाहीत. सारथ्याचे हात चाकावर, परंतु चित्त हुजुरांच्या बोलण्यात होते, हे त्यांस उमगले. मग विसाजींची चाकरी राखिली, गंगूस फुटल्या मडक्यांची भरपाई दिली आणि नवा हुकूम केला : चाक फिरे तोवर हाती, पगडीत वा कोठेही मोबाईलवर बोलणे नाही, बोलणे तर गाडी कडेस उभी करोन.

त्याच सांजे घरी परतता पगडी पुन्हा वाजली. हुजूरच होते, सवय एका दिवसात सुटते काय? विसाजींची जीभ "जी हुजूर" म्हणावयास उठली. तोच सगुणेने मागून त्यांची पगडीच उतरविली आणि तिजला तोंड लावोन म्हणाली, "महाराज, बाबा गाडी चालवताहेत. थांबलो की बोलतील."

तात्पर्य, हुकूम हुजुरांनी लिहिला, आणि पहिल्याने हुजुरांवरच बजाविला तो सगुणेने. मग मोबाईल बंद करोन तिने ती पगडी आपल्याच डोईवर चढविली आणि खिडकीबाहेर दुसरा हत्ती दिसतो काय ते पाहत बसली.