दामले उन्नावला चढतात

लखनौला आमच्याकडे मुंबईहून कुणी यायचं म्हटलं, की दामले आधीच्या स्टेशनावर, उन्नावला जाऊन त्यांच्या डब्यात चढत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा एक अनोळखी टकलू गृहस्थ डब्यात शिरून त्यांची ट्रंक ओढू लागले. सासूबाईंनी छत्रीने हाणलं. दामले लखनौच्या चारबाग स्टेशनावर उतरले ते कपाळ चोळत, पण ट्रंक त्यांच्याच हातात होती.

"जहाज बंदरात आपलं आपण शिरत नाही, वहिनी," ते मला म्हणाले. "पायलट बाहेर जाऊन त्याला आत आणतो."

दामले रेल्वेत इंजिनिअर, कॉलनीतले आमचे शेजारी. मुंबईच्या खाडीपलीकडे नवं बंदर झालं, तिथे कंटेनरसाठी रूळ टाकायला हे होते. मग बदली झाली लखनौला, जिथे समुद्र औषधालाही नाही. तर यांनी कॉलनीचंच बंदर केलं. स्कूटर लावायची जागा म्हणजे धक्का. दारात आधीच भाजीवाला असला, तर दूधवाल्या भैयाने फाटकाबाहेर नांगर टाकायचा. तो बिचारा 'अच्छा साहब' म्हणून थांबे. आणि तो गाळ! क्रेन काय कुणीही आणेल, बंदर जगतं ते गाळ उपसल्याने, उपसायचा राहिला की मोठं जहाज फिरकत नाही, हे ऐकून आमचे कान किटले होते.

मुलीच्या बाबतीत मात्र सगळं उलटं. मीनलने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, "तिला हे बंदर बंद." पाच वर्षं तिचं नाव काढलं नाही. जगाचा माल चालतो आणि पोटची पोर चालत नाही, कमाल आहे, असं मी तोंडावर म्हटलं. ते पेपरात डोकं घालून बसले.

त्या हिवाळ्यात मीनलचा फोन आला, छोट्या लेकीला घेऊन येते म्हणून. दामलेवहिनींनी सांगितलं तर हे स्कूटर पुसायला निघून गेले. ती यायच्या दिवशी पहाटेच 'साइटवर जातो' म्हणून निघून गेले. वहिनी रडकुंडीला आल्या. बाप घरात दिसला नाही तर पोरगी पुन्हा यायची नाही, म्हणाल्या आणि स्टेशनवर मला धाडलं. मी चारबागला उभी, दामल्यांना मनातल्या मनात शिव्या घालत.

गाडी लागली. डब्यातून आधी सुटकेस उतरली, मग दामले, खांद्यावर झोपलेली नात. मागून मीनल, रडून डोळे सुजलेले.

"उन्नावला चढलात होय?" मी विचारलं.

"त्याच्याही आधी, कानपूरला," ते म्हणाले. "पाच वर्षांचा गाळ होता, वहिनी. उन्नावपासून वेळ पुरला नसता."