अण्णांच्या गाडीचे उसने ब्रेक

ज्योतिबाअण्णांची गाडी पळते, याबद्दल बंगळूरच्या यशवंतपुरात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो ती थांबते का, यावर.

कॉफीच्या मळ्यावरचा एक साहेब विलायतेला परत जाताना ही लाल, दोन माणसांपुरती, बिनटपाची गाडी अण्णांच्या गळ्यात मारून गेला होता. 'गळ्यात मारून' हे अण्णांच्या बायकोचं, अंबूबाईंचं, म्हणणं. अण्णांच्या मते साहेबाने ती माणूस पारखून दिली होती. निपाणीकडून येऊन बंगळुरात गुळाचा घाऊक व्यापार जमवलेला हा गृहस्थ दिवसभर ढेपांच्या राशीत बसे, आणि संध्याकाळी तुमकूर रस्त्याला गाडी अशी सोडी की टांगेवाले आवाज ऐकूनच कडेला होत.

"पाखरू हाय पाखरू," अण्णा मिशीवर हात फिरवून सांगत. "एकदा सुटलं की कुणाच्या बापाच्यानं धरवायचं न्हाई."

यात खुद्द अण्णाही आले. गौरीच्या दिवशी अंबूबाईंचं सगळं माहेर दारात उभं असताना गाडी घरासमोर आली, घर मागे पडलं, अण्णा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, आणि गाडी गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात शिरली. कुणाला खरचटलं नाही, पण म्हशीने दूध चोरायला सुरुवात केली ती कायमची.

त्या रात्री अंबूबाईंनी निकाल दिला. "खंडेनवमीला मी शेजारी बसणार. म्हणाल तिथं थांबली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर दसऱ्याला हुबळीला माझ्या गुंडूकडं धाडायची. त्यो कधीचा मागालाय."

गुंडू म्हणजे अंबूबाईंचा धाकटा भाऊ. गाडीत तो मिरचीची पोती घालून हिंडणार, हे अण्णांना लख्ख दिसत होतं.

तारणहार निघाला तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. बिंदुमाधव पुण्याचा, इथल्या विमान कारखान्यात इंजिनियर. विमानं उडवणारे पुष्कळ. हा उतरलेलं विमान थांबवणाऱ्या खात्यात होता. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि तसाच आतून बोलला, "अण्णा, ड्रमचे ब्रेक आहेत. तापले की मऊ पडतात. हिला डिस्क हव्यात."

चाकाबरोबर फिरणारी एक पोलादी तबकडी, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर, असा तो प्रकार. अण्णांच्या गाडीसाठी तो मिळण्याची सोय नव्हती. पण बिंदुमाधवला 'मिळत नाही' हे वाक्य ऐकूच येत नसे. शिवाजीनगरच्या भंगारात त्याला झाडावर आदळलेली एका वकिलातीची मोटार सापडली. पुढचे कॅलिपर तिचे. कुठल्याशा परदेशी व्हॅनचे लहान कॅलिपर मागच्या चाकांना. मग त्याने पुठ्ठा कापून चाकात बसवून पाहिला, पुठ्ठ्यावरून लाकडाचा नमुना केला, लाकडावरून जाड पत्र्याचे ब्रॅकेट घडवले. तीन घराण्यांचं लोखंड एका गाडीत नांदवायचं, आणि कुणी कुणाला घासायचं नाही! अण्णा गुळाची वखार टाकून कंदील धरून बसत. असे हात त्यांनी फक्त देवळातल्या मूर्ती घडवणाऱ्यांचे पाहिले होते.

"बिंदुमाधवराव, तुम्ही माणूस न्हाई," ते भारावून म्हणाले.

"अण्णा, कंदील थोडा खाली."

अंबूबाई ताक घेऊन येत, चाकात डोकावत आणि विचारत, "ह्ये कुठनं आलं? आन् ह्ये?" बिंदुमाधव न कंटाळता सगळं समजावून सांगे. गौरीनंतर गाडीजवळ त्या पहिल्यांदाच येत होत्या.

खंडेनवमीला सकाळी घरी गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं चिरडली, कोहळा फोडला, शेवंतीचे हार चढले. मग अण्णा आणि अंबूबाई गाडीतून, बिंदुमाधव मागे मोटरसायकलवर, असे सगळे देवनहळ्ळीजवळच्या सरळ रस्त्याला गेले. वाटेत अण्णांनी चारदा उगीचच ब्रेक दाबून पाहिला. गाडी शहाण्या मुलीसारखी थांबली. आता गुंडूने खुशाल बैलगाडीत मिरची भरावी, असं त्यांच्या मनात आलं.

पुढे पपनसांच्या बागेआधी दोघे पुरुष रस्त्यावर चुन्याची रेघ ओढायला गेले. त्या रेघेवर गाडी थांबायची. अंबूबाई गाडीपाशी एकट्याच राहिल्या होत्या.

अण्णा परतले, बसले, आणि गाडी सोडली. वारा कानात शिरला. अंबूबाईंनी एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने दार. रेघ आली. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडीने तिकडे लक्षच दिलं नाही. अण्णा ब्रेकवर उभे राहिले. रेघ गेली, रेघेशी उभा असलेला बिंदुमाधव गेला, रस्ता गेला, आणि कुंपण मोडून गाडी पपनसांच्या बागेत शिरली. एका झाडाच्या बुंध्याला मऊ टेकून ती थांबली, आणि पिकलेली पपनसं एकेक करून बॉनेटवर पडू लागली.

"लागलं काय गं?" अण्णांनी वळून विचारलं.

"न्हाई. तुमास्नी?"

अण्णा खाली उतरले. पुढच्या चाकातून धूर निघत होता, आणि धुराला वास होता देवघराचा. त्यांनी वाकून पाहिलं. झळझळीत तबकडीवर पिवळे ओघळ होते. वर पाहिलं, तर अंबूबाईंची बोटं हळदीने पिवळी होती, आणि पायाशी पूजेच्या पिशवीत दिव्याच्या तेलाची बुधली होती.

अण्णांना सगळं कळलं. सकाळी गाडीची पूजा झाली होती, पण नव्या कॅलिपरांची वेगळी अशी झाली नव्हती. परक्या घरून आलेली, आपल्या नवऱ्याचा जीव सांभाळणारी ही लेकरं अशी कोरडी कशी ठेवायची? म्हणून बाईने चाकाच्या तारांतून बोटं घालून चारही तबकड्यांना मनोभावे तेल-हळद लावली होती.

आता एक वाक्य बोललं असतं तर गाडी वाचली असती. पण ते वाक्य ऐकून ही बाई आयुष्यभर स्वतःला खात बसली असती. अण्णांनी गाडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"माझाच पाय सरकला," ते म्हणाले. "चूक माझी. उद्या गुंडूला निरोप धाडू."

बिंदुमाधव धापा टाकत पोचला, चाकात डोकावला आणि बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी त्याचा पाय असा दाबला की तोंड उघडंच राहिलं.

अंबूबाईंनी नाक वर केलं. "पाय सरकला, तर माझ्या दिव्याच्या तेलाचा वास कशाला येतोय?" त्या वळल्या. "बिंदुमाधवराव, तुम्ही सांगा. खोटं बोलू नका. तिथं तेल लावत न्हाईत व्हय?"

"अक्का," बिंदुमाधव चाचरत म्हणाला, "गाडीत बाकी सगळीकडे चालतं."

अंबूबाई मटकन पपनसाच्या झाडाखाली बसल्या. "म्या तुमचा जीव घेतला असता की हो," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "आन् तुम्ही पाय सरकला म्हणालासा. एवढी लाडकी गाडी सोडालासा माझ्यापायी."

अण्णांनी एक पपनस सोलायला घेतलं.

पण अंबूबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी डोळे पुसले आणि पूजेतलं कोरं वस्त्र बिंदुमाधवच्या हाती दिलं. त्याने ते पेट्रोलात भिजवून तबकड्या चकचकीत केल्या, कॅलिपरांतली तेलकट तोंडं काचकागदाने घासली. धावत आलेल्या बागवानाला अण्णांनी कुंपण बांधून द्यायचा शब्द दिला. मग अंबूबाई पुन्हा शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या. ज्या गाडीने घटकेपूर्वी झाडावर नेलं, तिच्यात ही बाई आपणहून बसली, हे पाहून अण्णांचा ऊर भरून आला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "मघापेक्षा जोरात."

गाडी सुटली. रेघ आली. अण्णांनी ब्रेक दाबला, आणि जगात फक्त तीच रेघ उरली. गाडी नाक खुपसून उभी राहिली; पुढची चाकं बरोब्बर चुन्यावर! बिंदुमाधव भर रस्त्यात नाचला. विमानखात्याचा अभिमान वाटावा असा तो थांबा होता.

"शाब्बास गं माझ्या बाई," अण्णा गाडीला म्हणाले, आणि मागे घ्यायला गेले.

गाडी हलेना. पुढे हलेना, मागे हलेना. बिंदुमाधवने गाडीखाली डोकं घातलं.

"अण्णा, कॅलिपर तापून आत फुगलेत. धरलेलं सोडत नाहीयेत."

शेवटी त्याने कॅलिपरांचे स्क्रू ढिले केले. चाकं सुटली, पण ब्रेकच्या नळ्यांतलं तेल धुळीत वाहून गेलं. जिथे तेल लागतं तिथे आता थेंबही नव्हता. बिनब्रेकची गाडी चालवत नेणं शक्य नव्हतं. बागवानाने बैल जुंपले, दोर बांधला, आणि ती लाल विलायती गाडी हारांसकट बंगळूरच्या वाटेला लागली. अण्णा स्टिअरिंग धरून मान खाली घालून बसले होते. येणारा-जाणारा थांबून बघत होता.

"काय मग," त्यांनी शेवटी हळूच विचारलं, "गुंडूला निरोप काय धाडायचा?"

अंबूबाई मजेत पपनसाची फोड खात होत्या.

"गाडी मिळायची न्हाई म्हणून धाडा. थांबायचं तिला चांगलं कळतंय," त्या म्हणाल्या. "चालायचं काय हो, बैल हायत की."