सात दिवे आणि एक पांघरूण

"यंत्राला आई-बाप नसतात," हे चिरंजीवांचं आवडतं वाक्य. म्हणजे यंत्र कुणाची भीड ठेवत नाही. ते एका प्रयोगशाळेत तापमापक तपासत. दिवसभर इतरांच्या तापमापकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी तीच नजर घरच्यांच्या बोलण्यावर फिरवायची, असा त्यांचा दिनक्रम होता. 'चिरंजीव' हे नाव बाबांनी ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नव्हतं.

त्यामुळे आईने विचारलं तेव्हा चिरंजीवांनी क्षणभरही विचार केला नाही.

आई कित्येक वर्षं पहाटे उठून योग करायची. कण्याच्या तळाशी मूलाधार, टाळूवर सहस्रार, आणि मधली पाच. एकेका चक्रावर लक्ष नेत ताठ बसायची. तिच्या योगवर्गाच्या बाई आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि वर्ग आईच्या हाती सोपवणार होत्या. आईला ते हवं होतं. इतकं हवं होतं की भीती वाटत होती.

"बाई म्हणतात, चक्र जागं झालं की तिथे ऊब येते," ती म्हणाली. "मला जाणवते. पण उद्या मी दुसऱ्यांना शिकवणार. ती ऊब खरी आहे की माझ्या मनाचे खेळ, हे मला नको का कळायला?"

"एका संध्याकाळचं काम आहे," चिरंजीव म्हणाले.

त्यांनी सात बारीक तापमापक घेतले, प्रत्येकाची तार एका फळीवरच्या दिव्याला जोडली. कातडी ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की दिवा लागणार. पण नुसत्या आईला मोजणं शास्त्रात बसत नव्हतं. तुलनेला एक माणूस हवा होता: वय साधारण तेच, घर तेच, फक्त योग न करणारा. असा माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

बाबा पूर्वी इमारतींचे नकाशे काढत. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच आसन साधलं होतं, आणि त्याला चार पाय होते. त्यांनाही तशीच फळी जोडून आतल्या खोलीत बसवलं. पेपर वाचायचा आणि झोपायचं नाही, एवढंच सांगितलं. दिवसा झोपायला बाबांना तशीही बंदी होती. दिवसा झोपले की रात्रभर ते स्वयंपाकघरात डबे वाजवत फिरत. दार लावून चिरंजीव बाहेर दोन्ही फळ्या समोर घेऊन बसले.

आई उघड्या खिडकीशी डोळे मिटून बसली होती. तिच्या फळीवर एकही दिवा लागला नाही.

बाबांचे सातही लागले.

चिरंजीवांनी फळ्यांची अदलाबदल केली, तारा बदलल्या. फरक नाही. यंत्रात दोष नव्हता. मग जे दिसलं ते त्यांनी सांगून टाकलं, कारण त्यांच्या कामात तसंच करतात. आईने एकेक चिकटपट्टी सावकाश काढली. "बरं झालं, वेळेवर कळलं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. तिने बाईंना निरोप धाडला, दुसरं कुणी बघा.

बाबा आधी चकित झाले, पण लवकरच सावरले. कपाळात अधूनमधून काहीतरी व्हायचं खरं, पण आपण होऊन कसं बोलायचं, असं म्हणू लागले. नक्की काय केलंत, असं विचारलं की डोळे अर्धे मिटून सांगत, काही नाही, नुसता बसलो होतो. हे उत्तर वर्गातल्या बायकांना फारच खोल वाटलं. जाण्यापूर्वी बाईंनी रविवारी सकाळी वर्गात बाबांचं प्रात्यक्षिक ठेवलं आणि आईला हाताला धरून आणलं. ती शेवटच्या रांगेत बसली.

तारा जोडून झाल्या तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "पांघरूण?"

चिरंजीवांचा हात थांबला. "घरी पांघरूण होतं?"

"असं काय करतोस? नेहमीच असतं."

"डोक्यावरून?"

"उजेड लागतो ना डोळ्यांना."

चिरंजीवांना दरदरून घाम फुटला. त्यांना तार जोडली असती तर तेव्हा त्यांचेही सात दिवे लागले असते. पण बायकांपैकी कुणीतरी पांघरूण आणून घातलंही होतं. थोड्या वेळाने एकेक दिवा लागू लागला. काहींनी हात जोडले. मग पांघरुणाखालून संथ, घोगरा आवाज येऊ लागला. एकजण कुजबुजली, हा भ्रामरी प्राणायाम. बाई जन्मभर भ्रामरी शिकवत आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

चिरंजीव खाली मान घालून शेवटच्या रांगेत गेले आणि आईच्या कानाशी सगळं सांगितलं. ती उठली, शांतपणे पुढे आली आणि सवयीच्या हाताने पांघरूण ओढलं. खिडकी उघडली. पहिल्यांदा टाळूचा दिवा गेला, कारण तिथे केस उरलेले नव्हते. मग कपाळाचा, कंठाचा, असे उतरत गेले. मूलाधाराचा तेवढा टिकला. बाबा त्याच्यावर बसले होते.

बाबांना जाग आली नाही. आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पांघरूण परत घातलं.

"म्हणजे ऊब येते की येत नाही?" कुणीतरी विचारलं.

"माझा एकही दिवा लागला नव्हता," आई म्हणाली. "यंत्राला ऊब दिसत नाही आणि मला जाणवते. मी शिकवेन तर दोन्ही सांगेन. ज्यांना चालेल त्यांनी बसावं."

कुणी उठलं नाही. बाईंनी आपली सतरंजी उचलली आणि पहिल्या रांगेत, शिकणाऱ्यांत जाऊन बसल्या.

घरी येताना बाबा पांघरूण काखेत मारून पुढे चालले होते. चिरंजीव फळी घेऊन आईबरोबर मागून येत होते. आईने विचारलं, "काय रे, तुलनेला जो माणूस घेतात, तो कसा असावा लागतो?"

"ज्याच्यात काहीच घडत नाही असा."

आईने पुढे जाणाऱ्या पाठीकडे पाहिलं.

"मग निवड चुकली नव्हती तुझी," ती म्हणाली.