लाव्हऱ्यांचा लोखंडी बंगला

माझ्या हातची एकही वस्तू आजवर तक्रार घेऊन परत आलेली नाही! नागापूरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेट, जिने, शटर, उसाच्या ट्रॉल्या, सांगाल ते बनवून मिळेल. मी बनवलेल्या एका गेटला एकदा ट्रकने धडक दिली, तर ट्रक गॅरेजमध्ये गेला आणि गेट जागेवर! अशा माणसाला सहा चिमुकली पाखरं काय जड? हे मी बायकोला छातीवर हात मारून सांगितलं होतं. तो हात मी तेव्हाच आवरायला हवा होता.

पाखरं माझ्या सासऱ्यांची, आप्पासाहेबांची. मी त्यांना मामा म्हणतो. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन ते कोल्हारला राहतात. सासूबाई गेल्यानंतर ते फार गप्प झाले होते. मग कोणीतरी त्यांना जपानी जातीच्या लाव्हऱ्या आणून दिल्या आणि त्यांना बोलायला माणसं मिळाली. लाव्हरी म्हणजे मुठीत मावेल एवढं, देवाने शेपूट लावायचं विसरून पाठवून दिलेलं पाखरू. त्यातली एक त्यांची विशेष लाडकी. तिचं नाव ठकी. मामा सकाळचा चहा घेताना ठकीला तळहातावर घेतात आणि गावातल्या सगळ्या भानगडी तिच्या कानावर घालतात. मुलगी फोन करते, मुलगा फोन करतो, पण मनातलं सगळं ऐकते ती ठकी.

यंदा मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, धुळीत बसायचं नाही. आणि लाव्हऱ्या तर दिवसभर धुळीत लोळणार! म्हणून मामा सावेडीला मुलाकडे, रविराजकडे राहणार आणि पाखरं आमच्या गॅलरीत, असं ठरलं.

मामा स्वतः रिक्षातून पाखरं घेऊन आले. टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेटं तारेने एकमेकांना बांधलेली, वरून गोणपाट ताणलेलं, हे त्यांचं घर!

"कानिफराव, नीट ऐका," मामा म्हणाले. "ह्यांना दचकवू नका. दचकल्या की ह्या पळत न्हाईत, सरळ वर उडी घेत्यात. वाळूची पाटी कायम आत असू द्या, लोळल्या की त्यांचं डोकं थंड राहतं. अन् ह्यांचं घर बदलू नका, लई जिवाला लावून घेत्यात."

"हो हो, मामा."

"अन् माझ्या ठकीला जपा."

"काही काळजी करू नका!"

खरं सांगायचं तर मी अर्धंच ऐकत होतो. डोळ्यांनी त्या कॅरेटांचं माप घेत होतो. फॅब्रिकेशनवाल्या जावयाच्या घरी सासऱ्यांची पाखरं टोमॅटोच्या कॅरेटात? लोक तोंडात शेण घालतील!

दुसऱ्या दिवशी शेडमधली सगळी कामं बाजूला ठेवली. अँगल कापले, जाळी ताणली, वरून सोळा गेजचा जाड पत्रा मारला. अडीच फूट उंच, दोन पल्ल्यांचं दार, दाराला कडी, कडीला कुलपाची सोय. लाव्हऱ्या कुलूप लावून बाहेर कुठे जाणार, हे मी स्वतःला विचारलं नाही. शेवटी रेडऑक्साईडचे दोन जाड हात मारले, आतून आणि बाहेरून. आमच्या शेडचा नियमच आहे, तो लाल रंग चढल्याशिवाय लोखंड बाहेर जात नाही. एकदा मी घरच्या तव्यालाही मारणार होतो, सत्यशीलेने हात धरला म्हणून वाचला तवा.

"अहो, आप्पा घर बदलू नका म्हणाले होते ना?" बंगला गॅलरीत चढवताना सत्यशीला म्हणाली.

"अगं, ते गावाकडच्या हिशेबाने बोलले. हे बघितल्यावर म्हणतील, जावई असावा तर असा!"

"रंग वाळलाय का?"

"वाळतोय!"

त्याच संध्याकाळी सहाही पाखरांचा गृहप्रवेश झाला. सगळ्या एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसल्या. ना ओरडल्या, ना खाल्लं. मी सत्यशीलेला म्हणालो, "बघ, किती शांत वाटतंय त्यांना!"

सकाळी मी चहाचा कप घेऊन कौतुकाने बंगल्यासमोर उभा राहिलो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडते. आत कुकरने शिट्टी दिली. फुर्रर्र! धाड! धाड! धाड! सहाही लाव्हऱ्या सरळ वर उडाल्या आणि पत्र्यावर आदळून खाली आल्या. दुसरी शिट्टी! पुन्हा धाड! धाड! गारा खालून वर पडाव्यात तसा आवाज. मी "कुकर बंद कर" म्हणून ओरडलो, तर माझ्या आवाजाने तिसऱ्यांदा धाड!

सत्यशीला धावत बाहेर आली, तिने जाळीतून आत पाहिलं आणि किंचाळली.

"अहो, रक्त! सगळ्यांची डोकी फुटली!"

मी वाकून पाहिलं. सहाच्या सहा डोकी लालभडक! डोळ्यांसमोर मामा उभे राहिले, रिकामा तळहात पुढे करून.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या लंकाबाई आल्या. येतानाच त्यांच्या हातात हळदीचा डबा होता. कोणाच्याही घरातून किंचाळी आली की त्या आधी हळद घेतात, मग चपला घालतात.

"काय झालं गं, शीला? कोन पडलं?"

"पाखरं, मावशी! डोकी फुटलीत!"

"एवढा नवा बंगला सगळ्यांनी बघितला ना काल! नजर लागली, दुसरं काय!" असं म्हणून लंकाबाईंनी तिथल्या तिथे मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि आमच्याच गॅसवर टाकल्या. ठसका गॅलरीभर! आम्ही तिघं खोकतोय, आमच्या खोकण्याने लाव्हऱ्या उडतायत, त्या उडतायत म्हणून सत्यशीला रडतेय!

मी रामहरीला फोन लावला. रामहरी माझ्या शेडमधला वेल्डर आणि बालमित्र. दर बाजाराला घोडेगावला जातो, शेळ्या-बैल पाहतो, एकही घेत नाही, पण त्यामुळे जनावरांतलं त्याला सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज आहे. तो आला. बाह्या सरसावून त्याने एक लाव्हरी हातात घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि चोच उघडून आत बघू लागला.

"काय बघतोस?"

"दात. वय कळतं."

"रामहरी, पाखराला दात असतात का?"

"खरंच की," असं म्हणून त्याने चोच मिटली. मग डोक्यावरचं लाल बोटाला लावून नाकाशी नेलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"कानिफा, लेका, ह्या रक्ताला थिनरचा वास येतोय."

मी बंगल्यात हात घालून वरचा पत्रा चाचपला. हात लालेलाल. दोन जाड हात मारलेला रंग आतून ओलाच होता! डोकी फुटली नव्हती, रंगली होती!

काय तो आनंद! सत्यशीला रडता रडता हसली. लंकाबाई म्हणाल्या, नजर उतरली म्हणून रक्ताचा रंग झाला. मी चहा टाकायला सांगितला, रामहरीने पळत जाऊन पाव आणि खारी आणली. माझ्या फजितीवर सगळे पोट धरून हसत होते आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो.

आम्ही आत हसत असताना बाहेर वेगळंच चाललं होतं. लाव्हरीला लाल दिसलं की ती चोच मारते. त्यातून रात्रभर बुजलेल्या, चिडलेल्या. त्यांनी एकमेकींच्या डोक्यांवर टोचा मारायला सुरुवात केली आणि सगळ्यांत गरीब जी, तिला पाचही जणींनी कोपऱ्यात घेतलं. मी कप हातात घेऊन गॅलरीत आलो, तेव्हा ठकीच्या डोक्यावरची पिसं गेली होती आणि या वेळी ते लाल थिनरचं नव्हतं.

मला हसू येणं बंदच झालं. एवढासा जीव माझ्या ओंजळीत थरथरत होता. त्याचं हृदय माझ्या बोटांना जाणवत होतं, इतकं जोरात धडधडत होतं. एवढी वर्षं लोखंड हाताळलं, पण हातातली वस्तू अशी घाबरलेली कधीच नव्हती. मला फार वाईट वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"वरती काय आहे? पत्रा?" त्यांनी विचारलं.

"हो, सोळा गेजचा!" मी सवयीने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न टाकला.

"पूर्वी कशात होत्या?"

"कॅरेटात. वरून गोणपाट."

"मग सगळ्यांना आधी तिथेच परत घाला. डोकी आदळली तरी गोणपाट लागत नाही. जखमी पाखरू वेगळं ठेवा, अंधाऱ्या, शांत जागी. पण इतरांचा आवाज येईल इतकं जवळ, नाहीतर पुढे ते त्याला आपल्यात घेणार नाहीत. जखम कोमट मीठ-पाण्याने पुसा, मी मलम सांगतो. आणि सगळ्यांच्या डोक्यांवरचा रंग काढा."

"काढतो. थिनर हातातच आहे."

"थिनर खाली ठेवा! आधी खाली ठेवा, मग बोला!"

मी थिनर खाली ठेवलं. खोबरेल तेलाने एकेका लाव्हरीचं डोकं पुसायला आम्हाला दुपार झाली. मग कॅरेटात सोडल्या, वर गोणपाट ताणलं, वाळूची पाटी ठेवली. काय सांगू! दोन मिनिटांत सगळ्या वाळूत लोळायला लागल्या. माझ्या बंगल्यात ज्यांनी एक दाणा खाल्ला नव्हता, त्या टोमॅटोच्या कॅरेटात घरी आल्यासारख्या पसरल्या!

ठकीला दुरडीत मऊ फडकं घालून कॅरेटाशेजारीच ठेवलं. मलम लावलं. पण ती खाईना. डोळे मिटून बसायची. मी शेडमध्ये जाऊन परत यायचो, पुन्हा दुरडी उघडायचो. शेवटी सत्यशीलेने मला दुरडीपासून हाकललं, "तुम्हीच तिला दचकवताय!" म्हणाली. दोन-चार दाणे पाणी लावून चोचीशी धरले की जेमतेम गिळायची, बस.

आणि मामांचा फोन आला, रविवारी येतो, ठकीला बघायला!

"काळा चष्मा असेल ना त्यांना?" मी सत्यशीलेला विचारलं.

"असेल. का?"

"ठकीला मागच्या बाजूला ठेवू. काळ्या चष्म्यातून काय दिसणार?"

सत्यशीलेने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की लंकाबाईंना मिरच्या पुन्हा आणाव्या लागल्या असत्या.

रविवारी मामा आले. काळा चष्मा होता. मला धीर आला. उंबऱ्यातच थांबून त्यांनी घरभर नजर फिरवली.

"कानिफराव, आता लई लख्ख दिसतंय बगा! तुमच्या त्या भिंतीला ओल आलीय. अन् मिशीला कलप लावता व्हय तुमी? इतकी वर्सं कळलंच न्हाई!"

माझा धीर गेला. मामा गॅलरीत गेले, कॅरेटासमोर बसले आणि जिभेने हलकेच "च्च, च्च" केलं. पाच लाव्हऱ्यांनी माना वर केल्या. आणि शेजारच्या झाकलेल्या दुरडीतून आवाज आला, बारीक, तरतरीत. इतक्या दिवसांत ठकी पहिल्यांदा बोलली!

मामांनी झाकण काढलं. तिला तळहातावर घेतलं, चष्मा वर केला, डोक्यावरची जखम पाहिली. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. पत्रा, रंग, खारी, सगळं. मामांनी दुसऱ्या हाताने चार दाणे पुढे केले. ठकीने तळहातावर उभं राहून ते पटापट टिपले आणि आणखी मागितले!

"जखम भरत आलीय," मामा म्हणाले. "पिसं येतील. रुसली होती नुसती. कानिफराव, जरा ताजी वाळू द्या हिला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूचं पोतं मी त्या रिकाम्या, आतून अजून चिकटच असलेल्या बंगल्यात ठेवलं होतं. लगबगीने दार उघडलं, कमरेपर्यंत आत वाकलो आणि पोत्यात हात घातला. तेवढ्यात मागच्या खिडकीत कुकरने शिट्टी दिली!

मी दचकलो. सरळ वर उडालो. धाड!

"अहो, रक्त!" सत्यशीला किंचाळली.

"घाबरू नको, पोरी, रंग हाय तो," मामा शांतपणे म्हणाले. माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी त्या नव्या डोळ्याने नीट निरखलं. "न्हाई न्हाई. खाली जरा रक्त बी हाय."

लंकाबाई हळद घेऊन दारात हजर होत्याच. डोक्याला फडकं बांधल्यावर मामांनी मला ठकीच्या दुरडीशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं.

"इथं शांत बसा. बाकीच्यांचा आवाज येतोय न्हवं? मग झालं!"

बाकीचे आत जिलबी खात होते. आवाज चांगला येत होता.

ठकीला आता डोक्यावर नवी पिसं आलीत. ती कोल्हारला सकाळच्या चहाला मामांच्या तळहातावर बसते आणि मला खात्री आहे, पहिली भानगड माझीच ऐकते. तो बंगला आमच्या दारात आहे, त्यात आम्ही चपला ठेवतो. पत्र्याला आतून गोणपाट मारून घेतलंय. चपलांना त्याची गरज नाही. पण त्या काढायला वाकतो मी, आणि कुकर अजून तोच आहे!