शेवटच्या सीटवरचे नाना

नाना खरे गाडीत पुढे कधी बसले नाहीत. माझी हॉस्पिटलची व्हॅन, आत मी एकटा, बाकी सगळ्या जागा रिकाम्या. तरी हा माणूस वाकून, डोकं आपटून घेत पार शेवटच्या सीटवर जाऊन बसायचा. अंगात रेनकोट. सौदी अरेबियात! बसले की खिडकीतून हिरवी झेंडी बाहेर काढायची आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी झाल्याशिवाय मी गाडी सोडायची नाही, असा मला हुकूम.

"पुढे ड्रायव्हर, मागे गार्ड," ते म्हणायचे. "मधल्यांनी गप बसायचं."

मधे कोणी नसायचंच.

मी दत्ताराम. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून पास केलं म्हणून. कतीफच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं ड्रायव्हर होतो. लिहिणं माझं काम नाही. पण बायको गेल्या चैत्रात गेली. तेव्हापासून घरात दोनच आवाज, पंख्याचा आणि माझ्या खोकल्याचा. बसून बसून नाना आठवतात, म्हणून हा उद्योग.

नाना रेल्वेत गार्ड होते; शेवटच्या डब्यात बसून, गाडी पूर्ण आहे हे बघून शिट्टी देणारे. दौंड-मनमाड लाइनवर उभी हयात गेली. बायको आधीच वारलेली. मुलगी बेबी स्कॉटलंडला, मुलगा अभय आमच्या हॉस्पिटलात लहान मुलांचा डॉक्टर. नव्वद सालच्या उन्हाळ्यात नाना बेबीकडे होते. तेवढ्यात इराकने कुवेत घेतलं आणि आमच्याकडे पळापळ सुरू झाली. ज्याला त्याला बायकापोरं घरी पाठवायची घाई. डॉक्टरांनीही बायको-मुलाला पुण्याला पाठवलं. आणि सगळे बाहेर निघालेले असताना हे नाना व्हिजिट व्हिसा काढून आत आले. विमानतळावरच्या माणसाने पासपोर्ट दोनदा उलटा करून बघितला म्हणे.

"नाना, लढाई लागणार आहे. कशाला आलात?" मी विचारलं.

"गाडी मधेच अडकली की गार्ड उतरून घरी जातो का रे?"



आमच्या दोघांची सहल दर शुक्रवारी. सुट्टीच्या दिवशी मी मल्याळी नर्सबायकांना बाजारात सोडायचो आणि दोन तासांनी परत आणायचो. मधले दोन तास नानांचे. ते त्याला 'डे ट्रिप' म्हणायचे. हे खूळ स्कॉटलंडचं. बेबीचं गाव तिकडे पर्थजवळ कुठेतरी. उन्हाळ्यात दर बुधवारी तिथल्या म्हाताऱ्यांची बस निघायची आणि नाना त्यात. एका बुधवारी किल्ला, पुढच्या बुधवारी तळं, त्याच्या पुढे समुद्र.

"आणि पाऊस?"

"पाऊस रोज."

"मग त्याला उन्हाळा का म्हणतात?"

"त्यांचा उन्हाळा त्यांना ठाऊक. आपण पाहुणे."

समुद्रावर पोचलं की बस तोंड पाण्याकडे करून उभी करायची. काचा बंद. सगळ्यांनी थर्मास काढायचे, त्रिकोणी सँडविचं खायची, काचेवरून पाणी ओघळताना बघायचं. मग एखादी म्हातारी म्हणायची, "काय सुंदर दिवस आहे!" बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि परत घरी.

"खाली उतरायचं नाही?"

"उतरून काय करायचं? समुद्र दिसतो की आतून."

"येडी आहेत ती माणसं, नाना."

"येडी नाहीत रे. शेजारी शेजारी बसायचं, एकाच दिशेला बघायचं. बोलायची सक्ती नाही. घरात समोरासमोर बसलं की काहीतरी बोलावं लागतं."

हे मी तेव्हा कानाआड केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला फुकट ड्रायव्हर मिळालाय.

तर आमचीही ट्रिप तशीच. कधी तारूतचा जुना किल्ला, कधी खजुराच्या बागा, बहुतेक वेळा समुद्र. व्हॅनचं तोंड पाण्याकडे, काचा बंद, एसी चालू. मी पुढे, नाना मागे, मधे सगळी रिकामी बाकं. नाना चहाचा कप घेऊन मधल्या वाटेने पुढे यायचे, मला द्यायचे आणि पुन्हा मागे जाऊन बसायचे. मग तिथून ओरडून बेबीचं पत्र वाचायचे. जावई तिकडचाच गोरा, नाव डंकन. नाना त्याला 'डंकनराव' म्हणायचे. डंकनरावांनी शेड रंगवली. शेजारच्या म्हातारीचा गुडघा बदलला. नातीला पहिला दात आला. नातीचं नाव आयला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नाना कशाला तरी वैतागलेत.

थंडीत टपाल अडकलं. नाना जुनंच पत्र पुन्हा वाचायला लागले. त्या पोरीला एकच दात माझ्यासमोर तीनदा आला. मी प्रत्येक वेळी "अरे वा" म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. नाना दर शुक्रवारी सँडविचची तीन पुडकी आणायचे. काकडीची, चटणी लावलेली, कडा कापलेली. एक त्यांचं, एक माझं. तिसरं सीटवर तसंच.

"हे कोणाचं?"

"असतो एखादा पॅसेंजर. उशिरा येतो."

नर्सबायकांना बाजारात सोडलं की ते मला परत हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी लावायला सांगायचे. नऊ वाजायचे. नाना खिशातलं घड्याळ काढून हातात धरायचे आणि फाटकाकडे बघत बसायचे. नऊ पाच झाले की घड्याळ आत. "सुटू दे," म्हणायचे. शिट्टी. तिसरं पुडकं परत येताना मी खायचो. हा पॅसेंजर म्हणजे डॉक्टर, हे मला कळायला तीन शुक्रवार लागले. चौथी शिकलेल्या माणसाला एवढा वेळ लागतोच.

डॉक्टर चांगला माणूस. आजारी पोरांसाठी जीव टाकायचा. पण बापाशी बोलणं दिवसाला चार वाक्यं. जेवलात का. गोळी घेतली का. दार लावून घ्या. गॅसचा मास्क जवळ ठेवा. एकदा मला फाटकाशी धरून म्हणाले, "दत्तारामकाका, तुमचं ऐकतात ते. त्यांना सांगा, स्कॉटलंडला परत जा. इथे कधी काय होईल सांगता येत नाही, आणि मला चोवीस तास ड्युटी. मी त्यांच्याकडे बघू की वॉर्डकडे?"

मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही शुक्रवारी एकदा या गाडीत. मग जातील ते."

डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हणाले, "मी लहान असताना आमची सहल कितीदा ठरली, काका, ठाऊक आहे? आई डबे भरायची. मी पाण्याची बाटली गळ्यात घालून दारात. आणि बाबा प्रत्येक वेळी..."  आत निघून गेले.

पुढचं मला नानांनी सांगितलं. मी विचारलंच सरळ. रेल्वेत कॉलमन असतो. गार्डाच्या दारात येऊन वही पुढे करतो, अमक्या गाडीवर हजर व्हा. सही करायची आणि निघायचं. आजारी असा, लग्नाला निघालेले असा. "अभय पाचवीत होता," नाना म्हणाले. "माथेरान दाखवतो म्हणालो. पाच उन्हाळे म्हणालो. पाचही वेळा कॉलमन आला. सहाव्या वर्षी पोराने बाटली आपणच खुंटीला लावली आणि अभ्यासाला बसला." मग म्हणाले, "आता कॉलमन त्याच्या दारात येतो. मी कुठल्या तोंडाने रागावू?"

ट्रिपला निघताना पोलीस अडवायचे ते वेगळंच. लढाई तोंडावर, आणि मागच्या खिडकीतून एक म्हातारा हिरवं कापड हलवतोय, तोंडात शिट्टी, मांडीवर मास्कचा डबा. एकदा पोलिसाने थर्मासवर बोट ठेवलं. नानांनी शांतपणे कप भरून त्याच्या हातात दिला. त्याने वास घेतला, एक घोट प्यायला, मला हाताने पुढे जायची खूण करत म्हणाला, "यल्ला, यल्ला."

"बघ," नाना मागून ओरडले, "सिग्नल मिळाला."

जानेवारीत लढाई लागली. भोंगे वाजायला लागले. एका शुक्रवारी आम्ही समुद्रासमोर असतानाच भोंगा झाला. दोघांनी मास्क चढवले. पुढे एक हत्ती, मागे एक हत्ती, समोर समुद्र, आणि कपातला चहा निवतोय. मास्कच्या आतून नाना काहीतरी बोलत होते.  मला वाटलं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. भोंगा थांबल्यावर विचारलं, "काय म्हणत होता?"

"म्हणत होतो, काय सुंदर दिवस आहे."

त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, "माझी बायको आहे गावाला. मला नाही मरायचं तुमच्या पिकनिकसाठी!" नाना रागावले नाहीत. विचारलं, "तिला कधी समुद्रावर नेलंयस?" आमचं गाव समुद्रापासून दोन तासांवर. मी नेलं नव्हतं. वर्षातून एकदा घरी जायचो, तो वेळ कौलं शाकारण्यात आणि नातेवाइकांत जायचा. "जा," म्हणाले. "पुढच्या वेळी ने. उतरू नका. नुसते बसा."

मी नेलं. नंतर दर उन्हाळ्यात नेत गेलो. पहिल्या वेळी एका ओळखीच्याची जीप मागून घेतली आणि काचा बंद करून समुद्राकडे तोंड करून थांबलो. ती म्हणाली, "उतरायचं नाही तर मला एवढी नवीन साडी कशाला नेसवलीत?" आणि दार उघडून सरळ पाण्यात गेली. तिला स्कॉटलंड कधी पटलं नाही. पण चहा मात्र परत येऊन आत बसूनच प्यायची. माझ्या शेजारी.

लढाई संपली. नानांचा व्हिसाही संपला. शनिवारी निघायचं ठरलं, परत बेबीकडे. त्याच्या आदल्या दिवशीची ती शेवटची ट्रिप. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या आणि त्यांचा धूर आमच्यापर्यंत आला होता. सकाळी नऊला आभाळ काळं. वर पाऊस भुरभुरत होता, तोही काळा. काचेवर थेंब पडला की काजळाची रेघ ओढली जायची. बाजारात बायका तोंडं पुसत होत्या. आणि नाना खुशीत. सगळी थंडी अंगावर वागवलेल्या त्या रेनकोटाचं अखेर सार्थक झालं होतं.

"अगदी तिकडच्यासारखं! डंकनरावांना फोटो पाठवायला हवा."

फाटकाशी गाडी लावली. नऊ वाजले. घड्याळ बाहेर. मी आरशात त्यांच्याकडे बघायचं टाळलं. नऊ पाच झाले. नानांनी घड्याळ मिटलं नाही. नऊ सात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाडी लेट झाली.

"सुटू दे," ते म्हणाले. आवाज बारीक.

मी किल्ली फिरवली, आणि फाटकातून डॉक्टर पळत येताना दिसले. पांढरा कोट काळ्या ठिपक्यांनी भरलेला. दार उघडून ते धापा टाकत माझ्या शेजारी बसले. मागे शिट्टी झाली, इतकी जोरात की फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला.

 समुद्रासमोर मी गाडी लावली. डॉक्टरांनी दाराला हात घातला. "उतरायचं नाही?"

"तिकडे उतरत नाहीत," नाना म्हणाले.

 मग डॉक्टर उठले, वाकून, डोकं आपटून घेत, मधली सगळी बाकं ओलांडून शेवटच्या सीटवर गेले. नानांनी तिसरं पुडकं त्यांच्या हातात दिलं.

दोन घास खाल्ले असतील, डॉक्टरांच्या कमरेचा पेजर वाजला.

नाना लगेच म्हणाले, "कॉलमन आला. दत्ताराम, गाडी वळव." घाई अशी, जणू आपलंच बोलावणं आलंय. थर्मासचं झाकण लावायलाही लागले.

"थांबा, काका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेजर वाचला, खिशात टाकला. "दुसरे डॉक्टर आहेत तिथे. मी सांगून आलोय. पाच मिनिटं थांबू."

"नियम..."

"पाच मिनिटं, बाबा."

मग आम्ही तिघांनी समुद्र बघितला. समुद्र कसला, पाण्यावर तेलाचा तवंग, वर काळं आभाळ. काचेवरून काजळ ओघळत होतं. सँडविच संपवून डॉक्टर म्हणाले, "चटणीत लसूण जास्त झालाय." नाना म्हणाले, "तुझ्या आईसारखी जमत नाही." 

नंतर डॉक्टर म्हणाले, "काय सुंदर दिवस आहे." थट्टेने म्हणाले असतील. 

निघायची वेळ झाली. मी गाडी चालू केली आणि शिट्टीची वाट बघत बसलो. शिट्टी होईना. आरशात बघितलं. नानांच्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायचं सोडून ते लेकाकडे बघत होते. त्यांच्या मांडीवरची हिरवी झेंडी डॉक्टरांनी उचलली होती आणि काच खाली करून, काळ्या पावसात हात पूर्ण लांब करून बाहेर धरली होती.

शिट्टीशिवाय गाडी सोडायची नाही, हा नानांचा हुकूम. मी तो त्या दिवशी मोडला. गाडी पूर्ण होती.