बाळाचा आवाज येत नाही

टीव्हीवर निळा पडदा आला होता आणि 'सिग्नल नाही' ही अक्षरं त्यावर सावकाश इकडून तिकडे तरंगत होती. प्रूफकाका समोरच्या खुर्चीत बसून ती वाचत होते. उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेल्यामुळे त्यांनी आधी 'सिग्नल'ची वेलांटी बरोबर आहे ना ते पाहिलं. ती बरोबर होती. मग मात्र त्यांना राग आला.

लेकीनं बाळाचा व्हिडिओ पाठवला होता. लेक सातासमुद्रापलीकडे आणि काकू तिच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, बाळ जरा बाळसं धरू दे, की आलेच. बाळानं बाळसं धरलं, पण काकूंचं येणं लांबलं. मध्ये एकदा लेकीनं चाचरत विचारलं, आईला अजून थोडे दिवस ठेवून घेऊ का? काका एका श्वासात म्हणाले, खुशाल ठेवून घे, इथे काही अडलेलं नाही. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगत सुटले होते, की घरात कशी छान शांतता आहे, हवं तेव्हा जेवावं, हवं तेव्हा झोपावं, कुणाची कटकट नाही.

शांतता होती हे खरंच होतं. रोज सकाळी पेपरात छपाईची चूक सापडली, की ती मोठ्यांदा वाचून दाखवायची काकांची जुनी सवय होती. स्वयंपाकघरातून काकू 'हं' म्हणायच्या. त्या ऐकत नसत, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पण आता चूक सापडली, की काका तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. हल्ली तर त्यांना चुका सापडेनाशाच झाल्या होत्या.

फोनवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. पण फोनवरच्या काकू वेगळ्याच असायच्या. घाईनं आणि चढ्या आवाजात बोलायच्या, सभेत आभार मानायला उभ्या राहिल्यासारख्या. मी मजेत आहे, तुम्ही मजेत ना, बाळ उठलं, ठेवते. काकाही मजेत म्हणायचे आणि ठेवायचे.

व्हिडिओ पाठवताना मात्र लेक म्हणाली होती, "बाबा, आईनंच काढलाय. ती दिसत नाही त्यात, पण मागून तिची नेहमीसारखी बडबड चाललीये. जरा मोठ्या टीव्हीवर बघा."

त्यातलं 'नेहमीसारखी' तेवढं काकांच्या मनात राहिलं. लॅपटॉप लेकीनंच जाताना ठेवून दिलेला, त्याचा पडदा वहीएवढा, त्यातून बारीक टाइप वाचून वाचून काकांचे डोळे कामातून गेलेले. त्यांनी ठरवलं, टीव्हीवरच बघायचा.

ते वायर आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, कुठली? काका म्हणाले, टीव्हीची. कुठून कुठे जाणारी, असं त्यानं विचारलं, तेव्हा काकांना तो प्रश्न विनाकारण खोल वाटला. त्यांनी आणलेली पहिली वायर टीव्हीत बसली पण लॅपटॉपमध्ये बसेना. ती बदलून आणलेली दोन्हीकडे बसली, तर हा निळा पडदा. शेवटी त्यांनी भाच्याला फोन केला.

भाचा चाळिशीचा, झेरॉक्सची मशिनं विकायचा. पण नात्यात कुणाकडे काहीही बटण दाबून चालू होईना, की त्यालाच बोलवत. तोही बिचारा, आपल्याला यातलं काही कळत नाही, हे सांगायची वेळ कधीच टळून गेल्यामुळे येत असे. त्याच्या पाठोपाठ शेजारचे कर्नल आणि त्यांची बायको आली. कर्नल कधी लष्करात नव्हते, विमा कंपनीत होते. पण पायात सदैव बूट आणि तोंडात सदैव हुकूम, म्हणून ते नाव पडलं होतं. बाळ बघायला बोलावणं नव्हतं, पण भिंत पातळ होती.

"आधी सगळं बंद करा," कर्नल म्हणाले.

सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. निळा पडदा तसाच. मग कर्नलच्या बायकोनं सहज विचारलं, की आमच्याकडे रिमोटवर एक बटण आहे, ते दाबल्यावर टीव्ही डिशवरून दुसरीकडे जातो, तसं तुमच्याकडे नाही का? रिमोटला काकूंनी प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावलं होतं आणि पिशवी इतकी जुनी झाली होती, की खालची बटणं अंदाजानंच दाबावी लागत. ते रबर काढायला काका तयार होईनात. तिनं लावलंय, असू दे, म्हणाले. तेव्हा पिशवीवरूनच चाचपडत भाच्यानं ते बटण शोधलं आणि टीव्हीवर डोंगर, झाडं, तळं असं सुंदर चित्र आलं.

"हे तिकडचं घर का?" कर्नलच्या बायकोनं विचारलं.

ते लॅपटॉपच्या पडद्यावर मुळातच असलेलं चित्र होतं. टीव्हीत नुसतं तळं आणि व्हिडिओ लॅपटॉपवरच, असा नवा पेच पडला. भाच्यानं व्हिडिओ माउसनं धरून ओढला. तो लॅपटॉपच्या कडेवरून सरकत निम्मा दिसेनासा झाला आणि बाळाचे पाय टीव्हीत उगवले. डोकं लॅपटॉपमध्ये. काकांनी, जे काय करायचं ते लवकर कर, असं भाच्याला कळवळून सांगितलं. त्या घाईत भाच्यानं एकदम तीन-चार बटणं दाबली. लॅपटॉप काळा पडला, पण टीव्हीत अख्खं बाळ आलं.

बाळ उभं होतं.

सगळे बघतच राहिले. अंगावर दुपटं, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या आणि कुणाच्याही आधाराशिवाय ताठ उभं. काकांचा ऊर भरून आला. कर्नलनी, आपण लहानपणी फार लवकर उभे राहिलो होतो असं आई सांगायची, याची आठवण करून दिली. त्यांची बायको मात्र टीव्हीच्या अगदी जवळ गेली. मग हळूच म्हणाली, "पण भिंतीवर उशी कशी काय चिकटलीये?"

तेव्हा कुठे कळलं, की चित्र आडवं झालंय. बाळ बिचारं गादीवर गाढ झोपलेलं होतं. कर्नलनी टीव्हीच भिंतीवरून उतरवून कुशीवर ठेवायची तयारी दाखवली, पण तोवर भाच्यानं तीच बटणं पुन्हा चाचपली आणि चौथ्या खेपेला जग सरळ झालं. बाळ आडवं झालं. ते उभं नाही याचं काकांना क्षणभर वाईटच वाटलं.

बाकीच्यांचं समाधान झालं होतं. नाक आजोबांवर गेलंय, कपाळ आजीवर, असं सगळं बोलून झालं. भाचा वायर गुंडाळण्याच्या बेतात आला.

"आवाज कुठाय?" काका म्हणाले.

भाचा म्हणाला, "मामा, बाळ झोपलंय. त्याचा कसला आवाज ऐकायचा?"

समोर बाळ श्वास घेत होतं, दुपटं वरखाली होत होतं, चित्र मधूनच थोडं हलत होतं आणि ते कुणाच्या हातामुळे हलतंय हे काकांना माहीत होतं. एकदा तर दुपटं सारखं करायला एक हात चित्रात आला, हातात नेहमीच्या बांगड्या, आणि गेला. काका खुर्चीतून निम्मे उठले होते, ते तसेच पुन्हा बसले.

"घोरतंय का ते कळायला नको?" ते शेवटी म्हणाले. "लहान मुलांनी घोरणं चांगलं नसतं."

एवढ्या वैद्यकीय कारणापुढे कुणाचं काही चालेना. भाचा पुन्हा कामाला लागला. त्यानं टीव्हीचा आवाज पार वर नेला. काही नाही. कर्नल टीव्हीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिथूनही काही ऐकू येत नाही असा अहवाल त्यांनी दिला. त्यांची बायको, आता हे लांबणार हे ओळखून, सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली. तिथे फडताळात साखरेच्या डब्याशेजारी तिला एक गोल डबी दिसली. हे काय, म्हणून तिनं वरचं बटण दाबलं. डबी 'टुंग' असं बोलली. तिनं घाबरून ती होती तिथे ठेवली आणि याबद्दल बाहेर कुणाला काही सांगितलं नाही.

ते काकूंचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. लेकीनं कधीतरी ते वायरीशिवाय याच लॅपटॉपला जोडून दिलं होतं. पण हे बाहेर कुणाला आठवायचं कारण नव्हतं. बाहेर भाच्याला टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक कर्ण्याचं चित्र दिसलं आणि त्याच्यावर फुली. "हे बंद ठेवलंय होय," असं म्हणत त्यानं फुली काढली, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि खबरदारी म्हणून आवाज शेवटच्या टोकापर्यंत ओढला.

"अहो, ऐकताय ना?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. खणखणीत, नेहमीचा, थोडा वैतागलेला.

"आलो," काका म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्यांना विचार करायला वेळच मिळाला नाही. पाय आपोआप चालले. आत कर्नलची बायको भिंतीला टेकून उभी होती, हातात चिमटा, चेहरा पांढराफटक. चहा उतू जात होता. काका दारात थांबले. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग फडताळाकडे. बाहेर भाचा आणि कर्नल एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

काकू बोलतच होत्या. बाळाला सांगत होत्या, हे बघ, तुझे आजोबा बघतायत हं, आता म्हणतील चित्र हलतंय. दुपट्याचं सांगत होत्या, झोपेचं सांगत होत्या. मग काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि त्यांचा सूर एकदम उतरला. व्हिडिओ बंद झाला, असं त्यांना वाटलं असावं.

"मला ना गं, आता घरी जावंसं वाटतंय," काकू लेकीला म्हणाल्या. "तुझ्याकडे काही कमी नाही. पण सकाळ झाली की चुकल्यासारखं होतं. ते एकटे चहासुद्धा धड करून पीत नसतील. आणि म्हणतात कसे, खुशाल राहा. मग मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू, येते?"

मग व्हिडिओ संपला. भिंत पातळ होती म्हणून नव्हे, पण कर्नलना अचानक घरचा पंखा चालू राहिल्याची आठवण झाली. त्यांची बायको गॅस बंद करून, ओटा पुसून, काकांच्या हाती एक कप देऊन नवऱ्याच्या मागोमाग गेली. भाच्यानं मान खाली घालून लॅपटॉपवर बरीच खटपट केली. मग म्हणाला, "मामा, झालं. आता आवाज टीव्हीतूनच येईल."

"तो आत येत होता ना," काका म्हणाले, "तसाच कर."

"पण ते चुकीचं आहे."

"असू दे."

आयुष्यात काकांनी चुकीचं काही असू दिल्याचं भाच्याच्या ऐकिवात नव्हतं. त्यानं निमूटपणे पुन्हा सगळं होतं तसं केलं आणि गेला. काका दिवेलागणीपर्यंत खुर्चीत बसून राहिले. समोर बाळ झोपत होतं आणि आतून काकू बोलत होत्या. व्हिडिओ संपला की ते उठून पुन्हा लावत. शेवटचा भाग आला की दर वेळी त्यांना वाटे, आपण हा ऐकू नये. आणि दर वेळी ते ऐकत.

तिकडची सकाळ झाली तसा काकूंचा फोन आला. तोच चढा, घाईचा आवाज. व्हिडिओ बघितलात का?

"बघितला," काका म्हणाले. "टीव्हीवर. छान दिसतंय बाळ."

"आणि आवाज?" काकू जरा थांबून म्हणाल्या. त्यांनाही नंतर काहीतरी लक्षात आलं असावं. "आवाज नीट आला का?"

काकांनी क्षणभर विचार केला. बायकोला अवघडल्यासारखं व्हायला नको होतं.

"नाही," ते म्हणाले. "आवाज काही आलाच नाही. वायर खराब होती."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. मग सावरून घेत म्हणाल्या, "म्हणजे, नव्हतंच काही त्यात ऐकण्यासारखं. मग, मजेत ना?"

"मजेत. आणि चहा मी अगदी धड करून पितो. आलं घालून. उगाच काळजी करू नकोस."

पलीकडे सगळं शांत झालं. आपण काय बोललो ते काकांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि पुन्हा जवळ घेतला.

"तुम्हाला चहाचं कुणी विचारलं होतं?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हळू झाला होता.

काकांनी समोरच्या टीव्हीकडे पाहिलं.

"आला होता म्हणजे आवाज."

"आला."

"कुठपर्यंत?"

"शेवटपर्यंत," काका म्हणाले. "कर्नल होते. त्यांची बायको होती. भाचा होता."

"अगं बाई," काकू पुटपुटल्या, आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. काकांना तेवढंही पुरत होतं. पण बोलायचं तर आत्ताच, नाहीतर पुन्हा मजेत म्हणून फोन ठेवला जाईल, हेही त्यांना कळत होतं.

"खुशाल राहा असं मी म्हणालो होतो, ते काही खरं नव्हतं," ते म्हणाले. "घरात करमत नाही मला. तू ये आता."

"आणि बाळ?" काकू म्हणाल्या. "पोरीला काय सांगू? ती म्हणेल, आईला माझ्यापेक्षा यांचंच..."

"बाबा," लेकीचा आवाज आला, अगदी जवळून. "फोन स्पीकरवर आहे. आम्ही सगळेच नाश्त्याला बसलोय."

काका दचकून उठून उभेच राहिले. पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सारली आणि लॅपटॉप उघडल्याचा आवाज झाला. मग जावईबापू घसा खाकरून, अतिशय अदबीनं म्हणाले, "तिकीट बघतोय मी. खिडकीजवळचं चालेल ना?"